दादाच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड

तीळताईला तिच्या खऱ्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. आई-वडील गेले, वहिनी गेली, आणि दादा हाकच मारत नसे. गल्लीत सगळे तिला तीळताई म्हणत. एके काळी ती फोटो काढून झालेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आतल्या खोलीतून बाहेर येऊन विचारायची, "तीळ ठेवायचा की काढायचा?" तेव्हापासून हे नाव पडलं. बायका लाजून "काढा" म्हणायच्या. पुरुष "कसला तीळ?" म्हणत आरशापाशी जायचे. एका शाळामास्तरांना तर आपल्या मानेवर तीळ आहे हे पन्नासाव्या वर्षी तिच्याकडून कळलं, आणि ते इतके खट्टू झाले की फोटो न घेताच घरी गेले.

चाळीस वर्षं ती हेच करत आली होती. आधी बारीक ब्रश आणि टोकदार पेन्सिल घेऊन, मग कॉम्प्युटरवर. लोकांच्या वाकड्या कॉलरी तिनं सरळ केल्या, मिटलेले डोळे उघडले, एका फोटोत कधीच नसलेल्या माणसांना शेजारी-शेजारी बसवलं. दोन भाऊ वीस वर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हते, त्यांना तिनं आईच्या पंच्याहत्तरीसाठी एका सोफ्यावर बसवून दिलं होतं. म्हातारी खूश झाली. भाऊ आपापल्या घरी होते ते तसेच राहिले.

स्टुडिओ म्हणजे त्यांच्या घराचीच पुढची खोली. तिथं दादा बसे. एक गोल स्टूल, मागे करडा पडदा, दोन छत्रीदिवे, कोपऱ्यात प्रिंटर आणि दादाचा कॉम्प्युटर. मध्ये अरुंद बोळ, त्यात स्वयंपाकघराचं दार आणि भिंतीवर लुकलुकणारा राउटर. मागची खोली तीळताईची. वडिलांच्या काळात ती डार्करूम होती, आणि खिडकीच्या वरच्या काचेवरचा काळा रंग अजून तसाच होता. कुणी खरवडला नाही, कारण त्या काचेतून बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

डार्करूममध्ये वडिलांचा एकच कायदा होता: बोलायचं नाही. ते अंधारात तोंडातल्या तोंडात सेकंद मोजत. कुणी बोललं की मोजणी चुके आणि प्रिंट काळा पडे. घर एवढंसं, त्यामुळे हा कायदा हळूहळू साऱ्या घराला लागू झाला. दोन्ही पोरं हाताची घडी, तोंडावर बोट अशी वाढली. पुढे दादाचं लग्न झालं आणि वहिनी आली. ती तिघांच्या वाटचं एकटी बोलायची. भाजी चिरताना बोलायची, दात घासताना बोलायची, दादाला काय म्हणायचंय ते तीळताईला सांगायची आणि तीळताईच्या मनात काय आहे ते दादाला. सहा वर्षांपूर्वी ती गेली, आणि घरातली जुनी शांतता सुट्टी संपवून आल्यासारखी परत कामावर रुजू झाली.

भांडण मात्र नव्हतं हं. भांडायलाही दोन शब्द लागतात.

वहिनी गेल्यानंतरही काही दिवस एक गोष्ट बरी चालली होती. दादा फोटो काढी, पेनड्राइव्हवर घाली आणि भिंतीतल्या झडपेतून आत देई. स्टुडिओ आणि डार्करूम यांच्यामधल्या भिंतीला वडिलांनी हातभर रुंदीची झडप करून घेतली होती, ओले प्रिंट द्यायला-घ्यायला. त्या झडपेतून दिवसातून दहा वेळा दादाचा हात दिसे. काम झालं की ती तोच पेनड्राइव्ह परत देई. कधी बोटाला बोट लागे. "हं," दादा म्हणे. "हं," ती म्हणे.

मग दादाची मुलगी आली. ती दूरच्या शहरात नोकरी करते, वर्षातून एकदा येते आणि आली की घरात काहीतरी सुधारून जाते. "आत्या, या जमान्यात पेनड्राइव्ह काय नाचवता तुम्ही," असं म्हणून तिनं एका दुपारी दोन्ही कॉम्प्युटर एकमेकांना जोडले. दादाच्या कॉम्प्युटरवर दोन फोल्डर केले, 'नवीन' आणि 'तयार'. दादानं 'नवीन'मध्ये फोटो टाकायचा, आत्यानं आपल्या खोलीत बसल्या बसल्या उचलायचा, नीट करून 'तयार'मध्ये ठेवायचा. जागचं हलायला नको. झडपेचा आता उपयोग नाही म्हणून गल्लीतली चार पोरं लावून तिथं जुन्या निगेटिव्हचं कपाट सरकवलं गेलं. फार सोय झाली. तीळताईनं भाचीचं कौतुक केलं, आणि ती गेल्यावर तीन-चार दिवस तिला उगाचच वाटत राहिलं की आपण काहीतरी कुठेतरी विसरून आलो आहोत.

तरी माणूस वाट काढतोच. दादा फोटोला नाव देताना त्यातच सूचना लिहू लागला. 'तीळ ठेवा म्हणतात'. 'टक्कल झाकू नको, ओळखपत्राला आहे'. मग एके दिवशी एका बँकेतल्या बाईंच्या फोटोचं नाव आलं, 'दूध संपलं'. तीळताईनं बाईंच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसली आणि फोटो परत पाठवताना नाव दिलं, 'आणलं'. तेव्हापासून त्या घरातलं सगळं बोलणं लोकांच्या तोंडाखाली चालू झालं. 'गुडघा आज बरा'. 'पंप बिघडलाय'. 'पाऊस येईल, कपडे काढ'. फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही, म्हणून दादाचे प्रश्नही खाली मान घालून आल्यासारखे येत. 'जेवलीस का'. एकदा घोटाळाही झाला. एका नवरदेवाच्या फोटोखाली नाव छापायचं होतं, तिथं घाईत 'कचरा बाहेर ठेवला का' असं छापून गेलं. नवरदेव काही बोलला नाही, पण त्याच्या सासूनं ते वाचून फोटो आपल्या दिवाणखान्यात लावला म्हणतात.

त्या गुरुवारी संध्याकाळी एका शाळकरी मुलीचा फोटो आला. नाव होतं, 'मुलगी बोलावते आहे तिकडे राहायला, कायमचं'.

तीळताई त्या पोरीच्या वेण्यांकडे बराच वेळ बघत बसली. स्टुडिओत आता दिवसाला चार गिऱ्हाइकं आली तरी खूप. ज्याच्या-त्याच्या खिशात कॅमेरा आहे. दादाचं वय झालं, त्याला मुलीकडे जावंसं वाटलं तर त्यात गैर काय? तिनं स्वतःला असं पुष्कळ समजावलं. मुलीनं बापाला बोलावलं, आत्याला कशाला बोलावेल? लग्न न झालेली आत्या म्हणजे घराबरोबर येणारी वस्तू, घर बंद झालं की तिचं काय करायचं ते कुणाला ठाऊक नसतं. पोरीची एक वेणी वर-खाली झाली होती ती तिनं सारखी केली आणि फोटोला नाव दिलं, 'जायचं तर जा'.

शुक्रवारी सकाळी तिनं कॉम्प्युटर लावला, 'नवीन' उघडायला गेली, आणि समोर एक चौकट आली. युजरनेम. पासवर्ड. चार वर्षांत अशी चौकट कधी आली नव्हती. तिनं ती बंद केली, परत उघडली. पुन्हा तीच चौकट. बोळात जाऊन राउटर बंद करून चालू केला. स्टुडिओचं दार लोटलेलं होतं, आतून दादाच्या खोकल्याचा आवाज आला. परत येऊन बघितलं तर चौकट आपली जागच्या जागी.

तीळताईच्या लक्षात आलं. म्हणजे तिला तसं वाटलं. काल आपण तोडून बोललो, आज दादानं कुलूप लावलं.

दुसरं कुणी असतं तर उठून आठ पावलं चाललं असतं आणि विचारलं असतं, "का रे, काय केलंस हे?" पण या घराण्याचं रक्तच वेगळं. आपण का पाय पुढे टाकायचा? तिनं स्वयंपाक केला, दादाचं ताट झाकून ठेवलं. दोनच्या सुमाराला त्यानं जेवून ताट धुऊन पालथं घातलं. बोळात एकदा समोरासमोर आले. त्यानं तिच्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. तिनं नजर राउटरकडे वळवली. "हं," तो म्हणाला. ती काहीच म्हणाली नाही.

दुपारी ती कुलूप उघडायला बसली. युजरनेमच्या जागी दादाचं नाव लिहिलं. पासवर्डला आईचं नाव. चुकीचं. वडिलांचं नाव. स्टुडिओचं नाव. वहिनीचं नाव लिहिताना तिची बोटं जरा थांबली, हेच असणार असं तिला वाटलं. चुकीचं. दादाच्या पहिल्या कॅमेऱ्याचं नाव, लहानपणी घरी कुत्रा होता त्याचं नाव, भाचीचा वाढदिवस. वर्ष नक्की आठवेना म्हणून तीन वर्षं घालून बघितली. प्रत्येक वेळी खाली तीच लाल ओळ: युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा आहे. साठ वर्षं एका छपराखाली काढली, आणि आपल्या भावाच्या मनात कुठला शब्द असेल हे आपल्याला सांगता येत नाही, याचं तिला वाईट वाटू लागलं.

शेवटी एकच नाव राहिलं. तिचं स्वतःचं. ते लिहिताना तिलाच संकोच वाटला. लिहिलं, आणि बटण दाबायच्या आधी थोडी थांबली. मग दाबलं.

युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा आहे.

हे तिला फार लागलं. पदरानं तोंड पुसून ती उठली आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला घेतली.

शनिवार असाच गेला. रविवारही गेला. 'तयार'मध्ये तिला काही ठेवता येत नव्हतं, आणि दादाही काही विचारत नव्हता. पुढून तीनदा छत्रीदिव्याचा 'फट्' असा आवाज आला, पण गिऱ्हाइकाचं बोलणं काही कानावर आलं नाही. अळीमिळी गुपचिळी चालली होती. रविवारी दुपारी दादा बोळात फोनवर काहीतरी हळू आवाजात बोलला. तिनं नळ बंद केला, पण तोवर त्याचं बोलणं संपलं होतं. त्या दिवशी त्याचं ताट अर्धं तसंच राहिलं होतं. दादा गेल्यावर आपल्याला एकटीपुरता स्वयंपाक करावा लागेल, तो किती करायचा, असा विचार तिच्या मनात आला. पुढच्या खोलीचे दिवे विकायचे की ठेवायचे, रात्री बोळातला दिवा चालू ठेवायचा का, ताप आला तर कुणाला सांगायचं, असं एकामागून एक काय काय मनात येत गेलं. तिनं हात पुसले आणि पेपर वाचायला घेतला, तो कालचा निघाला.

सोमवारी दुपारी मात्र तिनं भाचीला फोन लावला. आधी तब्येत विचारली, मग हवापाणी विचारलं.

"आत्या, ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. माझी जेवणाची सुट्टी वीस मिनिटांची आहे," भाची म्हणाली. "काय झालं?"

"काही नाही गं. तो फोल्डर पासवर्ड मागतोय."

"कधीपासून?"

"शुक्रवारपासून. तुझ्या बाबांना काही बोलू नकोस."

"मी कशाला बोलते? उलट त्यांनीच मला तंबी दिलीय, आत्याला काही विचारायचं नाही म्हणून."

काय विचारायचं नाही, ते तीळताईनं विचारलं नाही.

भाचीनं एकेक पायरी घ्यायला सुरुवात केली. नेटवर्क 'खाजगी' आहे की 'सार्वजनिक'? खाजगी. युजरनेममध्ये स्वतःचं नाव टाकलंस की बाबांचं? बाबांचं. बरोबर, ज्याच्या घरी जायचं त्याचंच नाव सांगावं लागतं. चार आकडी पिन टाकून पाहिलास का? तो टाकू नकोस, तो लांबून चालत नाही. मग तिनं कुठल्या तरी आतल्या यादीत जायला लावलं. तिथं जुने लक्षात ठेवलेले पासवर्ड असतात म्हणे, ते पुसायला सांगितले. यादी रिकामीच होती. तीळताईनं चष्मा वर-खाली करत सगळं केलं. चौकट काही हटली नाही.

"बरं, मला सांग," भाची घास चावत म्हणाली, "बाबा सकाळी कॉम्प्युटर सुरू करतात तेव्हा कुठला पासवर्ड टाकतात?"

"कुठला नाही. बटण दाबलं की थेट सुरू होतो. त्याला कुठलं लक्षात राहतंय!"

पलीकडे घास थांबला. "म्हणजे त्याला पासवर्डच नाही?"

"नाही."

"अगं मग! काखेत कळसा आणि गावाला वळसा." भाची हसली. "आत्या, चार वर्षांपूर्वी मी तिथं 'कुणीही या' असं करून ठेवलं होतं. गुरुवारी रात्री त्यात काहीतरी अपडेट आलं असेल, त्यानं ते बंद केलं. आणि ज्या कॉम्प्युटरला पासवर्ड नाही ना, तो लांबून कुणालाच आत घेत नाही. तू काहीही टाक, चूकच म्हणणार. रिकामं ठेवलंस तरी चूक. तसा नियमच आहे त्याचा."

"म्हणजे दादानं कुलूप नाही लावलं?"

"बाबा? त्यांना कुलूप लावता आलं असतं तर मी पेढे—" भाची थांबली. "कुणीच नाही लावलं गं. समोर जाऊन बसलं की तो काही न विचारता उघडतो. लांबूनच्यालाच फक्त अडवतो. असं कर, बाबांच्या खुर्चीत जाऊन बस आणि एक पासवर्ड लावून टाक. कसा ते लिहून घे. मग तोच पासवर्ड तुझ्या खोलीतून टाकायचा. पाच मिनिटांचं काम आहे."

तीळताईनं एका जुन्या पाकिटाच्या मागे सगळं लिहून घेतलं. फोन ठेवल्यावर पहिल्यांदा तिला हायसं वाटलं. मग लाज वाटली. तीन दिवस आपण कुणावर रागावून बसलो होतो? आणि तिसरी गोष्ट जरा उशिरानं ध्यानात आली. दादा त्याच्या खोलीत बसून तीन दिवस 'नवीन'मध्ये काहीतरी टाकत असणार, आणि आपल्याकडून त्याला एक अक्षर गेलेलं नाही.

तरीही ती लगेच उठून गेली नाही. मी सांगितलं ना, रक्तच तसं. दादा पाच वाजता पाय मोकळे करायला बाहेर पडतो. ती पाचपर्यंत वाट बघत बसली. बाहेरच्या दाराचा आवाज झाला, आणि ही बाई स्वतःच्याच घरात चोरपावलांनी बोळातून पुढे गेली, हातात पाकीट घेऊन.

स्टुडिओत ती किती दिवसांनी आली ते तिला आठवेना. झाडायला यायची, पण झाडताना माणूस खाली बघतो. करड्या पडद्याची एक बाजू फाटली होती आणि ती दादानं चिकटपट्टीनं जोडली होती, वाकडीतिकडी. खुर्चीवर वहिनीच्या जुन्या स्वेटरची घडी उशीसारखी ठेवलेली. त्यावर बसताना तीळताईनं आधी हात फिरवला. मग बटण दाबलं. कॉम्प्युटरनं काहीही विचारलं नाही.

'नवीन' समोरच उघडं होतं. आत आठ फोटो होते.

पहिला चष्मेवाल्या बाईंचा, शुक्रवार सकाळचा. नाव होतं, 'तुलाही बोलावलंय, दोघांना'.

दुसऱ्यात एक म्हातारे गृहस्थ, ओळखपत्रासाठी ताठ बसलेले. 'तू आलीस तरच जाऊ'.

तिसऱ्यात जीभ बाहेर काढलेलं बाळ. 'गॅसवाला येऊन गेला'.

चौथा शनिवारचा, दोन बहिणींचा. 'वाचलंस का'.

पाचव्यात कुणीच नव्हतं. करडा पडदा आणि समोर रिकामं स्टूल. तीळताईनं फोटो मोठा करून बघितला, कुणी वाकलंबिकलं आहे का म्हणून. मग तिला कळलं. गिऱ्हाईकच आलं नव्हतं. दादाला काहीतरी सांगायचं होतं, आणि सांगायला फोटो लागतो. म्हणून त्यानं रिकाम्या स्टुलाचा काढला होता. छत्रीदिवे लावून, नीट प्रकाश बघून. खाली नाव, 'उद्या तिला कळवायचंय, ती घर ठरवते आहे'.

सहावं पुन्हा रिकामं स्टूल. 'दुपारपर्यंत सांग'.

सातवंही तेच. स्टूल किंचित डावीकडे सरकलेलं. 'नको म्हणून कळवलं, तुझं मन नाही ना'.

आठवा आज सकाळचा होता. स्टुलावर दादा स्वतः बसला होता. कॅमेऱ्याला टायमर लावून धावत येऊन बसला असावा, कारण शर्टाची कॉलर एका बाजूनं मुडपलेली होती आणि तोंड थोडं उघडं होतं. नाव होतं, 'मी इथेच आहे'.

तीळताईनं त्याचा चेहरा एवढा मोठा कधी बघितला नव्हता. लोकांचे हजारो चेहरे तिनं नाकपुड्यांपर्यंत जवळून बघितले होते, पण भाऊ मात्र तिला बोळात कडेकडेनं दिसायचा. तो म्हातारा झाला होता. दाढीचे पांढरे खुंट राहिले होते, डोळ्यांखाली पिशव्या आल्या होत्या, आणि डाव्या कानाखालचा तीळ लहानपणी तिच्या बोटाच्या पेराएवढा वाटायचा, तो सुरकुत्यांत बुडून गेला होता. सवयीनं तिचा हात माउसकडे गेला, कॉलर सरळ करायला. मग तिनं हात मागे घेतला आणि ती रडू लागली. रडताना तिला स्वतःचंच नवल वाटलं, कारण वहिनी गेली तेव्हा ती अशी रडली नव्हती. तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं.

'तू येशील का' असं तिला जन्मात कुणी विचारलं नव्हतं. एकदाच विचारलं, आणि ते या खोलीतून त्या खोलीत पोचलं नाही.

दाराशी चपला वाजल्या. दादा लवकर परतला होता. आपल्या खुर्चीत बहिणीला बघून तो उंबऱ्यावरच थांबला, परक्याच्या दुकानात आल्यासारखा. त्यानं तिच्याकडे बघितलं, मग पडद्यावरच्या स्वतःच्या फोटोकडे.

काहीतरी बोलायला हवं होतं. तीळताईनं तोंड उघडलं, आणि चाळीस वर्षांची सवय असलेलं वाक्यच बाहेर आलं.

"तीळ ठेवायचा की काढायचा?"

दादानं विचार केला. "ठेव," तो म्हणाला.

तो येऊन गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला, दुसरीकडे बसायला जागाच नव्हती.

"मला वाटलं, तू कुलूप लावलंस," ती म्हणाली.

"कसलं कुलूप?"

"पासवर्ड मागत होता. शुक्रवारपासून. मला यातलं काहीच दिसलं नाही."

दादानं चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. "मला कुठं येतं लावायला."

"माहीत आहे. आज कळलं."

"मला वाटलं, रागावलीस. म्हणून कामही घेत नाहीस."

"हाक मारायचीस ना."

"तू मारायचीस." तो हे भांडणासारखं म्हणाला नाही. सेकंद मोजावेत तसं म्हणाला.

"आता परत सांगता नाही का येणार तिला?"

"तिनं काल रात्री लहान घर ठरवलं. ऑफिसच्या जवळ. म्हणाली, मग मोठ्याची गरज नाही."

तीळताईनं हातातल्या पाकिटाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"मी आले असते," ती म्हणाली.

दादा खाली फरशीकडे बघत राहिला. "मला वाटायचं, तुला तुझी खोली सोडवणार नाही."

"ती काळी काच?" तिला हसू आलं आणि ते मध्येच मोडलं. "तिच्यातून काय दिसतं रे दादा?"

त्यानं उठून पडद्याची सुटलेली चिकटपट्टी अंगठ्यानं दाबली. ती पुन्हा सुटली. "ठमे," तो म्हणाला. लहानपणानंतर त्यानं ते नाव पहिल्यांदाच घेतलं होतं आणि ते घेताना त्याचा आवाज घोगरा झाला. "चहा ठेव जरा. मी झडपेपुढचं कपाट बघतो सरकतंय का."

कपाट सरकलं नाही. वडिलांच्या काळापासूनच्या निगेटिव्ह त्यात भरलेल्या, काचेच्या होत्या त्या, दोघांच्या जोरानंही ते जागचं हललं नाही. दादाचा गुडघा दुखायला लागला, तेव्हा त्यांनी नाद सोडला.

आठवड्यानं भाचीचा फोन आला. "काय आत्या, लावलास का पासवर्ड? झालं का सुरू?"

"नाही गं," तीळताई म्हणाली. "अजून मागतोय."

"असं कसं? तू लिहून घेतलं होतंस ना? थांब, मी पुढच्या महिन्यात आले की बघते."

"राहू दे. तू धावपळ करू नकोस. चालतंय आमचं."

ते पाकीट तिनं शेगडीशेजारच्या डब्यात टाकलं होतं. आणि ड्रॉवरच्या तळातून जुना पेनड्राइव्ह शोधून काढला होता, झाकण हरवलेला. आता तो घेऊन ती दिवसातून दहा वेळा बोळातून पुढे जाते आणि दादाच्या टेबलावर ठेवते. "हं," दादा म्हणतो. मग कधी गुडघ्याचं सांगतो, कधी कोण गिऱ्हाईक येऊन गेलं ते. कधी काहीच बोलणं होत नाही, ती जरा वेळ स्टुलावर बसते आणि परत येते. गिऱ्हाइकं काही वाढलेली नाहीत, दिवसाला दोन, कधी एकही नाही. बहुतेक फेऱ्यांना पेनड्राइव्हमध्ये काहीच नसतं. दादा तो कॉम्प्युटरला लावून बघतो, काढतो आणि तिच्या हातात देतो.